अर्जुन पुरस्कार आणि जाऊबाईंची पाठ

पुतणीला अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्याचं घरात सगळ्यात आधी मला कळलं, आणि माझ्या पोटात एखादी गोष्ट किती वेळ राहते हे तेलंगणातल्या आमच्या तलमडुगु गावात कुणालाही विचारा. फोनवर पुतणी नुसती "काकू, काकू" करत हसत होती. मी गिऱ्हाइकाची साखर तराजूवर तशीच सोडली, दुकान उघडं टाकलं आणि शेताकडे पळत सुटले. थोरल्या जाऊबाई, म्हणजे पुतणीची आई, कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. मला धापा टाकत येताना पाहून त्या उभ्या राहिल्या आणि सवयीप्रमाणे त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"जिंकली का वं?"

"जिंकली नाही बाई, त्याच्याहून मोठं! अर्जुन भेटला तिले! दिल्लीत, राष्ट्रपतीच्या हातानं!"

त्यांनी ओटीतला कापूस दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तिथेच बसकण मारली. मग आम्ही दोघी बांधावर बसून मनसोक्त रडलो, हसलो, पुन्हा रडलो.

त्या माझ्या तोंडाकडे का पाहतात, हे सांगायला हवं. पोरगी कबड्डी खेळते, चढाई करते, देशाच्या संघात आहे. शाळेत असताना तिचा पहिला मोठा सामना आदिलाबादच्या मैदानावर होता. जाऊबाई हौसेनं गेल्या. त्या पाहत होत्या तोवर पोरगी दर चढाईला पकडली गेली. वैतागून त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली, आणि पोरीने गुणांचा सपाटा लावला. झालं! त्या दिवसापासून जाऊबाईंनी ठरवून टाकलं की आपली नजर पोरीला बाधते. पीटीचे सर तेलुगू माणूस, त्यांनी हात जोडले, "अम्मा, ऐसा कुछ नहीं होता, इधर देखो." त्या ऐकतात होय!

पुढे सामने टीव्हीवर दिसू लागले. टीव्ही माझ्या दुकानात. सामना असला की सगळी गल्ली दुकानात जमायची आणि जाऊबाई सुपात डाळ घेऊन टीव्हीकडे पाठ करून माझ्यासमोर बसायच्या. माझ्या तोंडावरून त्यांना सगळं कळायचं. माझे डोळे मोठे झाले की, "गेली का चढाईले?" मी ओठ चावला की, "धरली का?" एकदा अटीतटीच्या सामन्यात मी घाबरून तोंडाला पदर लावला, तर केवढ्या खेकसल्या माझ्यावर. "पदर काढ ना! मले काई समजून नाही राह्यलं!" आमच्या दुकानात टीव्ही दोन होते, एक भिंतीवरचा आणि एक मी.

हसायची गोष्ट होती, आम्ही हसायचोही. पण इतकी वर्षं झाली, साऱ्या जगाने त्या पोरीची चढाई पाहिली आणि जन्म देणाऱ्या आईने त्या पहिल्या सामन्यानंतर एकही पाहिली नाही, हे मला आतून खूप लागायचं.

पुरस्कार जाहीर झाला आणि गावाच्या अंगात आलं. पोरांनी आदिलाबादहून फ्लेक्स छापून आणला, अर्धा तेलुगूत, अर्धा मराठीत, आणि त्यावर डॉक्टर लावतात तसं पोरीच्या नावाआधी ठळक अक्षरात 'अर्जुन' लावलेलं. पीटीचे सर म्हणाले, हा किताब नावाआधी लावायचा नसतो. पोरं म्हणाली, मग कशाला द्यायचा? शेजारचे म्हातारे आजोबा वेगळ्याच विचारात पडलेले. "पोरीले अर्जुन काऊन बाप्पा? बायांसाठी दुसरं नाव नोतं का सरकारपाशी?" शेवटी फ्लेक्स तसाच लागला, चौकात, दिव्याच्या खांबाला, आणि मी दिवसातून दहादा काही ना काही निमित्त काढून चौकात जाऊन तो पाहून यायची.

दिल्लीला सोबत दोघांनाच नेता येणार होतं. आई आणि वडील, यात वाद कसला? पण जाऊबाईंनी वाद काढलाच. रात्री जेवताना त्या माझ्या भासऱ्यांना, म्हणजे पुतणीच्या वडिलांना, म्हणाल्या, "तुमी राहा घरी. मी इले घेऊन जातो."

भासरे बिचारे! भाकरीचा घास हातातच राहिला त्यांचा. तरी म्हणाले, "जाय वं तू. दोघी जा."

माझ्या तर छातीत ढोल वाजायला लागले. विमान! दिल्ली! राष्ट्रपती भवन! मी आजवर मंचेरियलच्या स्टेशनापलीकडे कधी गेले नव्हते. मनातल्या मनात मी हिरव्या काठाची साडी काढलीही, चुलत बहिणीकडून मोत्याची माळ मागायचंही ठरवलं. तेवढ्यात जाऊबाई हळूच म्हणाल्या, "तू संगं असली म्हंजे मले सगळं समजते."

आणि माझा ढोल बंद पडला. ही बाई दिल्लीला जाणार, त्या एवढ्या मोठ्या दालनात बसणार, पोरगी राष्ट्रपतींसमोर उभी राहणार, आणि ही पाहणार काय, तर माझं तोंड! ते तर इथे फुकटात दिसतं.

"मी नाही येत," मी म्हणाले.

"काऊन?"

"दुकान कोण पाहीन?"

दुकानाची मला एवढी काळजी कधीपासून, असं आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. शेवटी भासऱ्यांचंच जायचं ठरलं आणि जाऊबाई रुसल्या. निघायच्या दिवशीही माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मी मात्र गाडी सुटताना खिडकीतून हात घालून त्यांचं मनगट धरलं. "बाई, हे काई मॅच नाही. इथं हारणं नाहीच. डोळे उघडे ठेवून पाहाजा."

"पाहू," त्या म्हणाल्या, आणि पाहिलं मात्र दुसरीकडे.

समारंभाच्या दिवशी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वेचणीला गेलेल्या बायका मजुरी सोडून आलेल्या, पोरं साखरेच्या पोत्यांवर चढलेली. एकेक खेळाडू येत होता, टाळ्या पडत होत्या. मग आमच्या पोरीचं नाव पुकारलं! साडीवर कोट, पदराला नीट पिन लावलेली, ताठ मानेने ती चालत निघाली, आणि दुकानात असा गोंधळ उडाला की पुढचं काही ऐकूच येईना. तेवढ्यात टीव्हीवर पाहुण्यांच्या रांगा दिसल्या. आमचे दोघं! जाऊबाईंनी मान पूर्ण वळवलेली, आणि त्या भासऱ्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"समोर पाहा ना वो मोठीमाय!" सगळं दुकान टीव्हीवर ओरडलं. मी तर काउंटरवर हात आपटत होते. भासऱ्यांचा चेहरा वाकडा झाला, त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पुरतं तोंड त्यात खुपसलं. तेवढ्यात चित्र बदललं. पोरीच्या हातात अर्जुनाची मूर्ती आली होती, सगळे नाचत होते, मीही नाचले. पण माझा जीव त्या रांगेतच अडकलेला.

संध्याकाळी फोन आला. मी अभिनंदनही केलं नाही. "बाई, पाह्यलं का?"

मग त्या म्हणाल्या, "यायनं तं रुमालात तोंड घातलं. मंग मी कोणाकडं पाहू? पाह्यलं समोर. कशी चालते वं ती! असं वाटे का सगळी जागा तिचीच हाय."

मी दिल्लीला गेले नाही याचं तोवर जे काही थोडंफार वाईट वाटत होतं, ते त्या घडीला धुऊन गेलं.

त्यानंतर पहिला सामना आला तेव्हा गल्ली नेहमीसारखी जमली. जाऊबाई आल्या, सूप न घेता. मी माझ्या जागी बसले, तोंड तयार करून. त्या उभ्याच राहिल्या.

"सरक ना जराशी. दिसून नाही राह्यलं."

मी सरकले. त्या टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या. पोरगी चढाईला गेली तशा त्या पुढे झुकल्या, ती परतली तशा त्यांनी माझ्या मांडीवर अशी थाप मारली की मी कळवळले. पण दिवस आपला नव्हता. शेवटच्या चढाईत पोरगी रेषेपासून हातभर अंतरावर पकडली गेली आणि सामना एका गुणाने गेला.

सगळे जाऊबाईंकडे चोरून पाहत होते. मी तर पाहायलाही घाबरत होते. आता ही बाई उठणार, स्वतःला दोष देणार आणि जन्मभर पाठ फिरवून बसणार, असंच मला वाटलं.

जाऊबाईंनी डोळे पुसले, पण नजर टीव्हीवरून हलवली नाही. "पुढची मॅच कधी हाय वं?" त्यांनी मला विचारलं.