जितकी ताकद, तितक्या वस्तू

ललितला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. सुरतेतल्या लिंबायतच्या कारखान्यात तो एकटा आठ माग सांभाळायचा. इथे धागा तुटला की इथे धाव, तिथे तुटला की तिथे. वर्षानुवर्षं असं पळून पायांना तीच खोड लागली होती. जेवतानाही त्याचा गुडघा हलायचा, आणि बायको सुंदरा म्हणायची, ताटातली आमटी सांडते, जरा माणसासारखे बसा.

तो बसायचा फक्त खेळाला. रद्दीवाल्याकडे सापडलेल्या एका फाटक्या इंग्रजी पुस्तकातून, शब्द लावत लावत, त्याने हा खेळ उभा केला होता. एकाने गोष्ट सांगायची, गुहा, राक्षस, खजिना. बाकीच्यांनी त्यात वीर व्हायचं. जिंकले की हरले ते फासा ठरवणार. सुट्टीच्या दुपारी त्याच्या खोलीत सुंदरा, शेजारचा मगन आणि गावाकडचा भिकन जमत. त्यात खरा रंगायचा तो भिकन. कापड मार्केटात दिवसभर गठ्ठे वाहणारा हा अबोल गडी फासा हातात आला की राजासारखा बोलायचा. धुळ्याहून सुरतेत नव्याने आलेल्या ललितला पहिली भाकरी त्यानेच खाऊ घातली होती.

घोळ एकच होता, ओझ्याचा: वीराने सामान किती वाहायचं? पुस्तकातलं कोष्टक पौंडात, त्यातही अर्धं पान उंदरांनी खाल्लेलं. म्हणून ज्याला जे वाटेल ते तो वाही. मगनचा वीर तर चार तलवारी, शिडी, पिठाची पोती आणि एक जिवंत बकरी घेऊन राक्षसामागे पळत सुटला. ललितचं डोकं फिरलं. त्याने सोपा नियम केला: अंगात जितकी ताकद, तितक्या वस्तू. मोठी वस्तू दोन धरायची, जखमी माणूस दहा. ताकदीपेक्षा जास्त उचलायचंच नाही. या नियमावर स्वारी बेहद्द खूश होती.

आणि लगेच मगनचा वीर गुहेत पाय मोडून पडला. पाणी चढू लागलं. भिकनच्या वीराची ताकद आठ. त्याने तलवार टाकली, ढाल टाकली, दोर, मशाल, होतं नव्हतं ते सगळं टाकलं. तरी ताकद आठच, आणि जखमी मगन दहा. ललित फासे जुळवत म्हणाला, मगनला सोड आणि बाहेर पड. सुंदरा म्हणाली, मी हात लावते. तुझी पाळी नाही, असं म्हणून त्याने तिला गप्प केलं.

"त्याले टाकीसन मी कसा जाऊ?" भिकन गावाकडच्या बोलीत म्हणाला.

"नियम शे," ललित म्हणाला.

भिकन उठला आणि चपला घालून चालता झाला. मगनला हसू आलं. सुंदराला आलं नाही.

पुढच्या सुट्टीला भिकन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ललितच्या जिवाला चैन पडेना. रात्रपाळी करून आला तरी डोळा लागेना, धाग्याची गाठ चुके, शेठ ओरडे. तो स्वतःशीच भांडत राही: आठ म्हणजे आठ, दहा म्हणजे दहा, यात माझं काय चुकलं? पण एवढ्या मोठ्या सुरतेत हक्काचं माणूस एकच, आणि तेच रुसलेलं. शेवटी एका सकाळी पाळी सुटल्यावर तो तडक मार्केटात गेला.

गोदामाच्या दारात दोघा हमालांनी मिळून एक अवाढव्य गठ्ठा भिकनच्या पाठीवर चढवला. एकट्याच्याने तो जागचा हलला नसता. पण चढवून दिल्यावर भिकन वाकून, गर्दीतून वाट काढत टेम्पोकडे निघाला. ललित बघतच राहिला. उचलायला दुसऱ्याचे हात लागतात, हे आठ मागांत एकट्याने धावणाऱ्या त्याला कधी सुचलंच नव्हतं. सुंदरा तर हात पुढे करूनच बसली होती.

टेम्पोवाला चहाला गेला होता, गठ्ठा उतरवून घ्यायला कोणी नव्हतं. ललितने भिकनला तिथेच गाठलं आणि भडाभडा बोलू लागला. आपलं चुकलं, आता नवा नियम, दुसऱ्याने हात लावला तर ताकदीत चार मिळवायचे, नाही, पाच मिळवू, आणि पाळी नसली तरी हात लावता येईल. बोलताना तो या पायावरून त्या पायावर नाचत होता. भिकनच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या.

"नियम मंग सांग," भिकन कसाबसा म्हणाला. "पहिले मनं वझं उतराव."

ललितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने गठ्ठ्याखाली दोन्ही हात घातले आणि दोघांनी मिळून तो टेम्पोत ठेवला. भिकनने पाठ सरळ केली, घाम पुसला.

"गुहामा पाणी कोठलोंग उनं?" गुडघ्यापासून छातीपर्यंत हात वर नेत त्याने विचारलं.

ललितला रडू फुटलं.

"कंबरलोंग," तो म्हणाला. "तू उना नही, म्हनीसन मी पुढे येऊच नही दिधं."