मेल्कची नळी, ओटिलीचं लाकूड

मेल्क हेर्गरला मातीआड करून आलो आणि सगळे चांदमारीच्या शेडमध्ये जेवायला बसले. सूप मीच केलं होतं. तिथलं सूप पूर्वीपासून मीच करते, त्यामुळे गावात कोण कुणाबद्दल काय बोलतं ते मला पाद्रीबाबांच्या आधी कळतं. त्या दिवशी पहिली वाटी संपेपर्यंत सगळे मेल्कबद्दल चांगलं बोलले. दुसऱ्या वाटीला त्याच्या रायफलीवर आले.

त्यांचंही चुकलं नाही. आमच्या नेमबाज मंडळाची पाचजणांची तुकडी आहे, आणि मेल्क गेल्यावर चारच उरले. पाचवा कोण, त्याचं नाव एप्रिल संपायच्या आत कळवायचं होतं. मंडळाचा अध्यक्ष आंब्रोस गिस्लर. त्याने वाटी पुसून घेतली आणि म्हणाला, "माझा जावई मार्को आहे. त्याच्याकडे स्वतःची रायफल आहे."

"मीही आहे," फिदेस म्हणाली.

"तू आहेसच गं. पण तुझ्याकडे रायफल कुठाय?"

फिदेस इमहोल्झ माझी शेजारीण. आमच्याकडून वरच्या वाडीला जाणारी दोरीगाडी ती चालवते. दुधाचे कॅन, शाळेची पोरं, एखादं लंगडणारं वासरू, सगळं तिच्या हाताखालून वरखाली होतं. उंची म्हणाल तर तिकिटाच्या खिडकीपाशी ती दुधाच्या उलट्या क्रेटवर उभी राहते, तेव्हा कुठे लोकांना तिची हनुवटी दिसते. पण नेम असा, की मंडळाच्या कपाटातली जुनी लष्करी बंदूक घेऊन तिने गावातल्या बऱ्याच मिशांना खाली बघायला लावलंय. अडचण एकच. तुकडीत ती लष्करी बंदूक चालत नाही. तिथे लागते ती स्पर्धेची रायफल, जड नळीची, बारीक नेमाची. ती ज्याची त्याची स्वतःची असते. दुसऱ्याला कुणी हातही लावू देत नाही.

म्हणजे फिदेसला रायफल घ्यायची होती. नवी की जुनी एवढाच प्रश्न. हिवाळाभर त्या प्रश्नाने माझं स्वयंपाकघर अडवून ठेवलं.

नवीसाठी ती खालच्या गावातल्या बंदूकवाल्याकडे गेली. बरोबर नवरा वेंडेल, कारण गाडी तो चालवतो. बंदूकवाल्याने छान स्वागत केलं, टेप काढली आणि वेंडेलच्या हाताचं माप घेतलं. वेंडेल गरीब स्वभावाचा. कुणी टेप आणली की हात पुढे करायचा एवढंच त्याला माहीत. खांद्यापासून कोपरापर्यंत झालं, मानेचं झालं, तेव्हा फिदेस म्हणाली, "रायफल मला हवीय."

"अच्छा, तुम्हाला," बंदूकवाला म्हणाला. "भेट द्यायला?"

"कुणाला भेट?"

त्याने वेंडेलकडे बघितलं. वेंडेलने छताकडे बघितलं. मग माप पुन्हा घेतलं, यावेळी योग्य माणसाचं, आणि किंमत ऐकून वेंडेलने छतावरून नजर खाली आणली. दोन गाभण गायी आल्या असत्या तेवढ्यात. तरी फिदेस हो म्हणायच्या बेतात होती.

"कधी मिळेल?"

"आज ऑर्डर दिलीत तर गुरं डोंगरावरून खाली येतात ना, तेव्हा."

गुरं उतरतात सप्टेंबरात. फिदेस घरी आली ती थेट माझ्याकडे, आणि माझ्या टोपलीतले कांदे ओढून घेऊन चिरायला बसली. राग आला की ती कांदे चिरते. त्या हिवाळ्यात मला कांद्याचं सूप फार वेळा करावं लागलं.

जुन्या रायफली तिने बघितल्या. एक डावखुऱ्याची होती. एकीची नळी आतून इतकी झिजलेली, की विकणाराच म्हणाला, नेम सोडून आवाजासाठी घ्यायची असेल तर घ्या. राहिली मेल्कची. नळी उत्तम, मेल्क तिची दातांपेक्षा जास्त काळजी घ्यायचा. पण मेल्क दारातून वाकून शिरणारा माणूस. त्याच्या रायफलीचा लाकडी दस्ता फिदेसच्या खांद्याला लावला तर तिचा हात चापापर्यंत जेमतेम पोचायचा. दोन बोटं लाकूड कापलं की काम झालं असतं.

मेल्कची बायको ओटिली विकायला तयार होती. फक्त एक अट.

"दस्त्याला करवत लावायची नाही," ती म्हणाली. तिने दस्त्याच्या वरच्या कडेवरून अंगठा फिरवला. इतकी वर्षं मेल्क तिथे गाल टेकत होता, त्या जागी लाकडाला खोलगट चकाकी आली होती. "हा त्याचा गाल आहे."

"गाल नाही कापत गं मी. मागून कापीन. मागे तर त्याचा खांदा होता."

"खांदाही त्याचाच."

"आणि माझे हात?"

"तुझ्या हातांना काय झालं?"

"आखूड आहेत."

"ते काही मेल्कने केले नाहीत," ओटिली म्हणाली आणि कॉफी ओतली.

फिदेसने पोलिसांची परवानगी काढली आणि रायफल थोडे दिवस वापरून बघायला आणली. मार्चमध्ये बर्फ जरा हटलं तशी चांदमारी उघडली. ती चटईवर आडवी झाली. त्या लांब दस्त्यावरून नेमाच्या मागच्या भोकात बघायला मान कोंबडीसारखी अशी ताणावी लागत होती, की शेजारच्या चटईवरचा म्हणाला, "फिदेस, दाणे समोर नाहीत गं पडलेले." पडद्यावर आकडे आले. सात. आठ. सहा. सहा तिने लहानपणापासून मारला नसेल.

मागे आंब्रोस हात बांधून उभा होता. "रायफल उत्तम आहे," तो म्हणाला.

"मी काही म्हटलं का?"

"नाही. रायफलीचा दोष नाही, एवढंच म्हणतोय."

पुढच्या चटईवर मार्कोने नऊ, नऊ, दहा मारले. बरा मुलगा आहे तो, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. सासऱ्याने सांगितलं की झोपतो आणि मारतो.

नंतर सूप प्यायला सगळे माझ्यापुढे आले आणि सल्ले सुरू झाले. एक म्हणाला जाड कोट घाल. दुसरा म्हणाला अंगातला आहे तोही काढ, म्हणजे खांदा जवळ येईल. तिसरा म्हणाला नवीच घे, जुन्या रायफलीला जुन्या मालकाची सवय असते. चौथा म्हणाला नवी तर मुळीच नको, नव्या नळीला बसायला वर्ष लागतं. आंब्रोस म्हणाला, घ्यायची तर मेल्कचीच घे, पण आहे तशी.

फिदेसने विचारलं, "दस्ता बदलता नाही का येणार? नळी यातली, लाकूड दुसरं?"

चमचे थांबले. मी सुपाचे रोख पैसे मागितले असते तरी असे थांबले नसते.

"खाली दोन स्क्रू आहेत," आंब्रोस हळू आवाजात म्हणाला. "नळीचं लोखंड आणि लाकूड एकमेकांत बसलेलं असतं. ते स्क्रू हलले की बसणूक गेली. आणि बसणूक गेली की रायफल गेली. मेल्कने त्यांच्यावर लाल रंग भरलाय, बघितलास ना? कशासाठी? कुणी हात लावू नये म्हणून."

सगळ्यांनी माना हलवल्या. खरं सांगायचं तर फिदेसनेही हलवली. याच शेडमध्ये ती लहानाची मोठी झाली. इथे स्क्रूला हात लावणं म्हणजे भर प्रार्थनेत शिट्टी वाजवणं.

दुपारी सगळे गेले आणि ती कांद्यांपाशी बसली. "आजी, काय करू सांग. नवी घ्यावी तर ती गाईंबरोबर येणार. जुनी घ्यावी तर ओटिली रायफल विकत नाहीये, नवरा विकतेय. तोही आहे तसा, न कापता."

"मग नको घेऊस."

"आणि मार्कोला जाऊ देऊ?"

"मग घे."

"आणि सहा मारू?"

तिला उत्तर नको होतं, कांदे हवे होते.

तिने रायफल ओटिलीला परत नेऊन दिली. उंबऱ्यावरच म्हणाली, "हा घे तुझा मेल्क. माझ्या मापाचा नाही." ओटिलीने ती आत घेतली. आंब्रोसला बातमी संध्याकाळच्या आत पोचली. दुसऱ्या दिवशी तो दोरीगाडीने उगाचच वर जाऊन आला आणि तिकीट घेताना म्हणाला, "मग मार्कोचं नाव लिहू ना? मनाला लावून घेऊ नकोस." फिदेसने त्याला सुट्टे पैसे मोजून दिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच; एरवी ती न मोजताच सरकवते.

त्या आठवड्याच्या शेवटी ओटिलीचा फोन आला. "ये जरा. आणि आजीला आण, तिचं पातेलं माझ्याकडे पडलंय." मयताच्या दिवशी उरलेलं सूप त्यातून तिच्याकडे दिलं होतं. मागायचं कसं, म्हणून मी थांबले होते.

गेलो तर स्वयंपाकघरात टेबलावर एका बाजूला सोललेले बटाटे, दुसऱ्या बाजूला मेल्कची रायफल. दोन तुकड्यांत. इकडे लाकूड, तिकडे नळी, मध्ये बशीत दोन स्क्रू.

फिदेस खुर्चीवर बसली. "ओटिली. तू स्क्रू काढलेस."

"दोनच तर होते."

"पण त्याच्यावर तो लाल रंग..."

"नेलपॉलिश," ओटिली म्हणाली. "माझं. बहिणीच्या लग्नाला म्हणून आणलं होतं, आयुष्यात एकदा. अख्खी बाटली या माणसाने स्क्रूंवर ओतली आणि मी लग्नाला तशीच गेले. तेव्हापासून मला ते खरवडायचं होतं." तिने लाकूड उचलून मांडीवर घेतलं. "लोखंड तू ने. त्याच्याशी माझं काही नव्हतं. हे राहील इथे."

"पण आता ही काही कामाची नाही गं."

"का?"

फिदेसला का ते सांगता येईना. बसणूक म्हणाली, आंब्रोस म्हणाली, मग थांबली. ओटिली तिच्याकडे अशी बघत होती, जशी मी पावणेदोन पानांचं औषधाचं पत्रक वाचून दाखवणाऱ्याकडे बघते. शेवटी फिदेसने ते लोखंड गोधडीत गुंडाळलं आणि मी माझं पातेलं घेतलं. वाटेत ती म्हणाली, "आधी निदान मोडक्या मानेने मारता येत होतं. आता तेही गेलं."

सोमवारी ती बंदूकवाल्याकडे गेली. वेंडेल गाडीतच बसून राहिला, पुन्हा माप नको म्हणून. बंदूकवाल्याने नळी उजेडाकडे धरली, आतून बघितली, बसायच्या जागेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "मग? दस्ता बसवायचा ना?"

"बसतो?"

"न बसायला काय झालं? आखूड दस्ता तयार आहे कपाटात. मागेपुढे सरकवता येतो. नव्याने बसणूक करून देतो, येत्या शनिवारी न्या."

"तुम्ही हिवाळ्यात का नाही सांगितलंत?"

"तुम्ही रायफल मागितलीत, बाई. दस्ता कुठे मागितलात?"

हे तिने मला सांगितलं तेव्हा घरात कांदे संपले होते. तिने बटाटे चिरले.

शनिवारी चांदमारीत तिने ती रायफल पिशवीतून काढली. आंब्रोस वाकला, खालून बघितलं. लाल रंग नाही. मयतापुढे काढतात तशी त्याने टोपी काढली नाही एवढंच. "स्क्रू कुणी काढले?"

"ओटिलीने. बटाट्यांच्या सुरीने असावेत."

पहिल्या गोळ्या इकडेतिकडे गेल्या, आणि मागे कुणीतरी उसासा सोडला, अगदी ठरवून. फिदेसने नेमाच्या मागच्या तबकडीचे खटके फिरवले, पुन्हा झोपली, पुन्हा फिरवले. मान सरळ होती. हात पोचत होता. मग दहा आला, पुन्हा दहा. ती उठली आणि म्हणाली, "आंब्रोस, नाव लिहिलंस का?"

"अजून कळवलं नाही."

"मग मार्कोला बोलाव. दहा-दहा गोळ्या. जो जास्त मारेल तो पाचवा."

नाही म्हणायला आंब्रोसला कारण सापडेना, सगळे ऐकत होते. मार्को आला, झोपला, नेहमीसारखं मारलं. एक्याण्णव. फिदेसचे चौऱ्याण्णव. मार्कोने तिचा हात हातात घेतला. हसत होता पोरगा. मला वाटतं त्याला रविवारी स्पर्धेला जाण्यापेक्षा घरी झोपायचं होतं.

आंब्रोसने पडद्यावरचे आकडे पुन्हा मोजले. मग वळून सगळ्यांना म्हणाला, "शेवटी मेल्कची नळी ती मेल्कचीच."

आणि सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, नळी माणसाला ओळखते. कुणी म्हणालं, मेल्क वरून बघत असेल.

"आणि मार्चमध्ये सहा पडला तो?" फिदेसने विचारलं. "तोही मेल्कचाच ना?"

"नाही गं," आंब्रोस समजुतीने म्हणाला. "तो तुझा. तुला सवय नव्हती."

उन्हाळाभर ती तुकडीत मारत राहिली आणि प्रत्येक चांगल्या आकड्याला कुणी ना कुणी मेल्कचं नाव घेत राहिलं. ओटिलीकडे शेगडीजवळच्या बाकावर तो दस्ता टेकून उभा असतो, मेल्क बसायचा तिथेच. शनिवारी ती त्याला तेल लावते. तिला विचारलं, मेल्कच्या नळीचं एवढं कौतुक चाललंय, कसं वाटतं? म्हणाली, नळीला काय, चाप कुणीही ओढला तरी तिच्यातून गोळी सरळच जाते.

जुलैमध्ये एकदा आकडा फारच चांगला आला आणि आंब्रोसने मेल्कच्या नावाने पेला वर केला. सोमवारी फिदेसने दोरीगाडीच्या फोनवरून बंदूकवाल्याला फोन लावला आणि नवी नळी सांगितली. वेंडेलने डोक्याला हात लावला. "म्हणजे शेवटी सगळी नवीच की. मग त्या वेळीच का नाही घेतलीस?"

"त्या वेळी मला रायफल हवी होती," ती म्हणाली. "आता नेम हवाय. माझ्या नावावर."

नळी गाईंबरोबरच आली. या वसंतात चांदमारी उघडली त्या दिवशी तिने शहाण्णव मारले. मी खिडकीतून बघत होते, सुपाचा डाव हातात तसाच. आंब्रोस पुढे झाला, नवी नळी निरखली, तिच्यावरून हात फिरवला.

"हल्ली नळ्या फार चांगल्या बनवतात," तो म्हणाला.

फिदेस रायफल ठेवून सरळ माझ्याकडे आत आली आणि बाह्या वर केल्या. मी कांद्यांची पिशवी पुढे सरकवली.