वीस किलोंचा मिलिंद

परदेशी जाणाऱ्या माणसाचे सामान जसे वाढत जाते, तसेच त्याच्याविषयीचे किस्सेही. फरक इतकाच, की किश्शांना वजनाची मर्यादा नसते. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातला मिलिंद शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला निघाला, तेव्हाचे हे काही किस्से. विमानात वीस किलोच सामान नेता येणार होते.

*

यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. अंदाजावर माझा विश्वास नसल्याने मी प्रत्येक वस्तू प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलली. तो दोनशे ग्रॅमपर्यंतच तोलत असे. त्यामुळे चपलांचा एक जोड दोन हप्त्यांत तोलावा लागला. प्रयोगशाळेतले शिपाई नामदेवमामा म्हणाले, "सर, अशानं पोरगं जायाचं कवा?"

*

यादी पूर्ण झाली आणि मिलिंदच्या आईंनी गोधडी आणली. आपल्या चार जुन्या लुगड्यांची, दोन महिने खपून शिवलेली.

"आई, तिथे ब्लँकेट मिळतं," मिलिंद म्हणाला.

"यादीत बसत नाही," मीही अदबीने सांगितले.

आईंनी माझा कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "यात थंडी किती ग्रॅम धरलीय?"

मी पाच पुस्तके खोडली.

*

बॅगेवर नाव रंगवायला शेजारच्या रशीदचाचांना सांगितले. त्यांचा हात ट्रक रंगवून तयार झालेला. पुढच्या बाजूला नाव अतिशय सुबक आले. मागची बाजू मात्र त्यांनी सवयीने पूर्ण केली होती : 'फिर मिलेंगे', दोन्ही कडांना एकेक कमळ.

"खोडून देतो," चाचा ओशाळून म्हणाले.

"राहू दे, भाऊ," आई म्हणाल्या. "खोटं काय लिहिलंय त्यात?"

*

भरलेली बॅग तोलायची कुठे? नामदेवमामांचे भाऊ लासलगावला कांद्याच्या बाजारात तोलाईचे काम करीत. मामा शनिवारी बॅग घेऊन गावी गेले आणि सोमवारी परतले.

"वीस किलो. काटा हालला नाय."

मी यादीखाली सही केली.

*

मुंबईच्या विमानतळावर काट्याने तेवीस दाखवले.

"तीन किलो काढा," अधिकारी म्हणाले.

मिलिंदने बॅग उघडली. सर्वांत वर गोधडी होती. त्याने आईंकडे पाहिले. आईंनी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात मामा पुढे सरसावले.

"साहेब, तेवीस बारदानासकट झालं की! बॅगच तीन किलोची हाय. आमच्याकडं गोणी वजा करूनच मालाचं वजन धरत्यात. लासलगावला तसंच वीस भरलंय."

ही पद्धत मामांनी मला सोमवारी सांगितली नव्हती. मीही विचारली नव्हती.

अधिकाऱ्यांनी मामांकडे पाहिले. मग गोधडीवर हात ठेवून गंभीरपणे विचारले, "माल वाळलेला आहे ना?"

"चार उन्हं दिलीत, साहेब."

"मग लावा झाकण."

त्यांनी बॅगेला चिठ्ठी बांधली. पट्टा सुरू झाला आणि बॅग आमच्याकडे पाठ करून निघाली. आईंनी चष्मा लावला आणि ती पाठ, दिसेनाशी होईपर्यंत, मोठ्याने वाचली.