मधली भिंत

आमच्या गावात घर विकणं म्हणजे घर मोडणं. आमचं घर अजून उभं आहे, म्हणून हे हसत सांगता येतं.

गुलबर्ग्याच्या पलीकडचं हे गाव शहाबादी फरशीच्या खाणींवर वसलेलं. भिंती फरशीच्या, छत फरशीचं, गोठ्यातली गव्हाणसुद्धा फरशीची. मी मादन हिप्परग्याच्या मातीच्या घरातून इथे लग्न होऊन आले. पहिल्या उन्हाळ्यात वाटलं, मला तव्यावर आणून ठेवलंय.

पुढे खाणींत पाणी लागलं, शहरांत चकचकीत टाइल्सचा जमाना आला आणि खाणी एकामागून एक बंद पडल्या. लोक पुण्याला, हैदराबादला निघून गेले. त्यांच्या रिकाम्या घरांना गिऱ्हाईक नव्हतं. भाव होता तो दगडाला. ज्या शहरांना फरशी नकोशी झाली, तिथल्याच बड्या लोकांना आता फार्महाऊससाठी जुनी जाड फरशी हवी होती. श्रीमंतांची हौस, दुसरं काय. व्यापारी यायचा, छत आणि भिंती उतरवून ट्रॅक्टरमध्ये भरायचा आणि घराच्या जागी नुसती माती उरायची.

आम्हाला जाणं शक्यच नव्हतं. नवरा हुमनाबादला लॉऱ्यांवर हमाली करायचा, आठवड्याने घरी यायचा. घराचा सगळा दगड विकला असता तरी गुलबर्ग्यात एक खोली आली नसती. डोक्यावरचं छत शाबूत राहणं, एवढीच आमची श्रीमंती.

शेजारी अक्का राहायची. घरची कानडी, पण माझ्या सासूशी, म्हणजे आत्यांशी, भांडून भांडून तिचं मराठी पक्कं झालेलं. दोघींनी तरुणपणी एकाच खाणीत फरश्या वाहिल्या होत्या. आमच्या दोन घरांच्या मधे भिंत एकच, आणि दोन्हीकडच्या छताच्या फरश्या तिच्यावरच टेकलेल्या. भिंत अर्धी आमची, अर्धी अक्काची. अर्धी काढली तरी उरलेल्या अर्ध्या भिंतीला आमचं छत पेललं नसतं, हे मलाही दिसत होतं.

अक्काचा मुलगा तिला हैदराबादला घेऊन गेला आणि थोड्याच दिवसांत तिचं घर फरशीच्या व्यापाऱ्याला विकल्याची बातमी आली. जाताना अक्का काही बोलली नव्हती. आत्यांना ते फार लागलं. अक्का मधे एकदा लग्नाला म्हणून गावात आली, तर आत्यांनी दारच लावून घेतलं. मी म्हटलं, भांडा, पण विचारा तरी. छे, मान जाईल ना. छत गेलं तरी चालेल, मान जायला नको. माझा असा संताप झाला की त्या दिवशी मी दोन्ही वेळा भाकरी करपवली.

शेवटी ट्रॅक्टर आला. व्यापारी, मजूर आणि अक्काचा मुलगाही आले. अक्का मागून एसटीने आली आणि समोरच्या लिंबाखाली बसली. दुपारपर्यंत तिचं छत उतरलं. मग एक मजूर मधल्या भिंतीवर चढला आणि त्याने पहार लावली. आमच्या छतातून बारीक माती आत्यांच्या डोक्यावर पडली. मी बाहेर धावले आणि तोंडाला येईल ते बोलले.

अक्का उठून त्या मजुराजवळ गेली. "उतर खाली. भिंत म्या इकली न्हाई."

मी व्यापाऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. भिंत सोडून व्यवहार झालाय, म्हणाला. मजुरांना सांगायचं राहून गेलं. अक्काचा मुलगा कुरकुरला की त्या एका भिंतीपायी भाव पाडून घ्यावा लागला, पण आईपुढे कुणाचं चालतंय. एवढं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

आत्या डोक्यातल्या मातीसकट बाहेर आल्या. "आदी कामून सांगितलं न्हाईस?"

"सांगायलाच आल्ते की. दार कुनी लावून घेतलं?"

आत्या रडायला लागल्या. अक्का म्हणाली, "कामून रडायलीस? माजं घर गेलंय, तुजं न्हाई." मग दोघीही रडल्या, आणि मी चहा टाकायला आत पळाले.

पुढे जवळच सिमेंटचा कारखाना येणार अशी बातमी उठली आणि आमच्या गावात पहिल्यांदाच जागेला भाव आला. एजंट दारोदार फिरायला लागले. एक आमच्याकडेही आला. ओट्यावर बसून त्याने चांगला घसघशीत आकडा सांगितला. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी काही बोलायच्या आत आतून आत्यांचा आवाज आला, "त्यातली अर्धी भिंत अक्काची हाय. आदी तिला इचारून या."