हुसेनभाईंची हरकत आणि लहान बाटलीचं झाकण

हुसेनभाई आज पहाटे गेले. त्यांची हरकत अजून 'विचाराधीन' आहे.

इतक्या वर्षांत हा एक सरकारी शब्द माझा पाठ झालाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिरजगावच्या रस्त्याला त्यांचं बी-बियाणं, खत आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं.

माझी आई त्यांच्याच दुकानातल्या बाटलीनं गेली.

आमच्याकडे फवारणीच्या विषाला विष म्हणत नाहीत. औषध म्हणतात. लिंबोणीला औषध मारलं. कांद्याला औषध आणलं. आणि खोकल्याचं, तेही औषधच.

त्या दिवशी मी डेअरीवर होतो. सुरेखाचा, माझ्या बायकोचा, फोन आला. "आईंचा खोकला थांबंना."

मी म्हणालो, "खिडकीतलं औषध दे की चमचाभर."

खिडकीत दोन बाटल्या होत्या. दोन्ही लहान, दोन्ही तपकिरी, दोन्हींना पांढरं झाकण. लेबलवरची अक्षरं मुंगीएवढी.

आईचं नाक सर्दीनं बंद. तिला वासही आला नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ती गेली.

दहाव्याला हुसेनभाई घरी आले. सुरेखा आतून बाहेर येईना. ते दारातूनच म्हणाले,

"वहिनी, चूक तुमची न्हाई. चूक बाटलीची हाय. मी हे कुनाकडनं तरी लिहून आनतो."

मला वाटलं, माणूस धीर द्यायला बोलतोय.

काही महिन्यांनी ते एक प्रिंटआउट घेऊन डेअरीवर आले. दिल्लीहून नव्या नियमाचा मसुदा निघाला होता. दाबून फिरवल्याशिवाय उघडणार नाही असं झाकण सक्तीचं करायचं. पण लहान बाटल्या वगळून.

खाली लिहिलं होतं, कोणाची हरकत असेल तर मुदतीत कळवावी.

"दत्ताभाऊ, पाच लिटरचा कॅन कोन ठेवतं व्हय खिडकीत? घरात येती ती लहान बाटलीच. तुमचं अक्षर चांगलं हाय. लिहा."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो.

"आमी त्याला औषध म्हनतो. म्हनून लेबलावर काय बी छापा, भागत न्हाई. वाचायच्या आधी हाताला कळलं पायजे."

हे वाक्य मी तसंच ठेवलं.

उत्तर यायला आठ महिने लागले. इंग्रजीत होतं. मुलीकडून वाचून घेतलं.

'आपला अर्ज औषधांबाबत असल्याने तो आरोग्य विभागाकडे पाठवण्यात आला आहे.'

हुसेनभाई पोट धरून हसले. "घ्या! दिल्लीनं बी तेच केलं. खिडकीतली चुकीची बाटली उचलली."

मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

तोवर नियम पक्का झाला होता. लहान बाटल्या वगळून.

मग ते हायकोर्टात गेले. चहाच्या टपरीवर लोकांना विषय मिळाला.

"हुसेनभाई, सोताच्याच धंद्यावर केस? उद्या तंबाखूच्या पुडीवर बी करा!"

"पुडी कुनी खोकल्यावर देत न्हाई. म्हनून सोडली."

एका कंपनीनं त्यांना माल देणं बंद केलं. त्यांनी केस मागं घेतली नाही. तारखेला सकाळची एसटी धरायची, संध्याकाळी परत. कितीदा तरी नंबरच लागायचा नाही.

शेवटी निकाल लागला. झाकण कसं असावं हे कोर्ट ठरवणार नाही, ते तज्ज्ञांचं काम. पण हरकत मागवली तर ती वाचली पाहिजे, आणि नाकारली तर कारण दिलं पाहिजे. फेरविचार करा.

निकालाला मी नावं ठेवत नाही. रास्तच असेल.

पण कॉपी हातात आल्यावर हुसेनभाईंनी सगळी पानं उलटून मला विचारलं, "ह्यात कुठं लिवलंय का, चूक बाटलीची म्हनून?"

नव्हतं लिहिलेलं.

"मग वहिनीला काय दाखवू?"



फेरविचाराला मुदतवाढ मिळाली. मग आणखी एक. मग नवा मसुदा आला. लहान बाटल्या पुन्हा बाहेर. पुन्हा तीच ओळ, हरकत असेल तर कळवावी.

अहो, पहिलीच अजून कोणी वाचली नाही!

मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावतो. आईबद्दल देवाला कधी जाब विचारला नाही. पण फाईल जिथं थांबते तिथं देव नसतो, माणूस बसलेला असतो. त्याला विचारायचं नाही तर कोणाला?

परवा हुसेनभाई अंथरुणावरून नवी हरकत सांगत होते. मी म्हणालो, "यावेळी कीटकनाशक लिहू. नाहीतर पुन्हा आरोग्य खात्यात जाईल."

"लिहा, पन कंसात. आधी औषधच लिहायचं. घरातली बाई जे म्हनती तेच कागदावर पायजे."

आज दुपारी त्यांना माती देऊन घरी आलो. आंघोळ करून ती हरकत पुढे घेतली. खाली सहीची जागा रिकामी होती. मी पेन काढलं.

सुरेखा म्हणाली, "तुमचं नको. माझं नाव घाला."

"लोक विचारतील गं."

"विचारू द्या. बाटली माझ्या हातात हुती."

इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं घरातसुद्धा उच्चारलं नव्हतं.

तिनं पूर्ण नाव लिहून सही केली. कागद उद्या रजिस्टर पोस्टानं जाईल.

हुसेनभाई, अल्लाह तुम्हाला जवळ घेवो. आमच्या अख्ख्या घराचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.