पिंपात बुडवलेलं डोकं

ती घटना आठवायची म्हटली की मला आधी निळं प्लास्टिकचं पिंप आठवतं, मग माणसं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी अधिकारी नव्हते. होमगार्ड होते. शिक्षण चौथी, रामनगरच्या मराठी शाळेत. पोलिसातल्या आठवणी बहुतेक अधिकारी लिहितात आणि त्यांत आमच्यासारख्या बायका दाराशी उभ्या असतात. पण बाईला ठाण्यात आणायचं तर सोबत बाई लागते, हा नियम आहे, आणि आमच्या ठाण्याची महिला पोलीस नेहमी दुसरीकडं बंदोबस्ताला गेलेली असे. मग मला बोलावणं यायचं. त्यामुळं चौकशीच्या खोलीत मी असे. तिथं जे पाहिलं ते लिहिते. नावं लिहीत नाही. ती माणसं अजून माझ्याच बाजारात भाजी घेतात.

भाताची कापणी आटोपलेली होती. दोन भाऊ ठाण्यात आले. आई बेपत्ता आहे, म्हणाले. आई विधवा, साठीच्या आसपासची, गणेशगुडीला एका लॉजमध्ये स्वयंपाकाला होती. तिथंच राहायची, सुट्टीला घरी यायची. त्या आठवड्यात आलीच नाही. फोन बंद. लॉजवर चौकशी केली तर रजा घेतली म्हणाले. आणि त्याच लॉजचा रखवालदारही रजेवर. तो रेल्वेतून निवृत्त झालेला गँगमन, कॅसलरॉकचा, विधुर. थोरल्याचं म्हणणं, त्यानंच आईला फूस लावून पळवली, कुठंतरी डांबून ठेवली असणार. धाकटा गप्प होता. बोटांनी टोपी चुरगळत होता.

आमचे साहेब, म्हणजे सब-इन्स्पेक्टर, तरुण होते. वरच्या कर्नाटकातले, मराठी मोडकंतोडकं, पण माणूस सरळ. त्यांनी तक्रार नोंदवली, आसपासच्या ठाण्यांना कळवलं, कॅसलरॉकला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खबर आली. कॅसलरॉकच्या स्टेशनमागं राहणारी एक बाई फोनवर होती. तिनं परसाच्या कुडावरून पाहिलं होतं. शेजारचा गँगमन एका म्हातारीचं डोकं पाण्याच्या पिंपात दाबून धरत होता. बाई आत घुसमटत होती, हातपाय झाडत होती. वर आली की तो परत दाबायचा. काल संध्याकाळीही असाच आवाज आला होता, म्हणाली.

साहेबांनी टोपी घातली आणि जीप काढायला सांगितली. मी मागं बसले. वाट जंगलाची, वळणावळणाची. सगळ्यांच्या मनात एकच होतं, पोचेपर्यंत ती जिवंत असू दे.

ती जिवंत होती. परसात उभी होती, केसांतून पाणी निथळत होतं. डोळे लालबुंद. आणि कपाळापासून गालांवरून वरच्या ओठापर्यंत लाल वळ उमटलेला, जसं काही दोरीनं तोंड आवळलं असावं. शेजारी तो पंचा घेऊन उभा. साहेबांनी त्याची कॉलर धरली आणि त्याला भिंतीला लावला. ती मध्ये आली.

"त्यांना सोडा. त्यांनी काय केलेलं न्हाई."

साहेबांनी तिच्या तोंडावरचा वळ बघितला आणि सोडलं नाही. दोघांना ताब्यात घेतलं. पिंपाशेजारी पडलेली एक वाकडी नळी आणि काचेचं काहीतरी हवालदारानं पिशवीत भरलं. काय आहे हे त्याला कळलं नव्हतं, पण पंचनाम्यात जे सापडेल ते घ्यायचं असतं.

जीपमध्ये मी तिच्याशेजारी बसले. मी तिला पाणी दिलं. तिनं हसून बाटली परत केली, म्हणाली, पाणी पुष्कळ पिऊन झालंय. मग विचारलं, उद्या सकाळच्या गाडीनं आम्हाला गोव्याला जायचंय, तिथनं पुढं विमान आहे, तोवर सोडतील का?

मी म्हटलं, "अगं, तो माणूस तुला बुडवत होता, आणि तू गाडीचं विचारतेस?"

"मीच म्हनलं हुतं, बुडव."

हे ऐकून माझा संशय पक्का झाला. नोकरीत मी अशा कितीतरी बायका पाहिल्या होत्या. दात पडलेला असतो आणि म्हणतात, मीच पडले. हात मोडलेला असतो, म्हणतात, माझीच चूक होती. जिला मारतात तीच मारणाऱ्याला सोडवायला धावते. साहेबांना मी उतरल्याबरोबर सांगितलं, बाई घाबरलेली आहे, वेगळी बसवा. आणि आम्ही तसं केलं.

त्याची चौकशी पहिली. साहेबांनी टेबलावर काठी आपटली, हवालदारानं ठेवणीतला आवाज काढला. तो खुर्चीच्या टोकावर बसून राहिला. लग्न केलंय म्हणाला, भर दुपारी, देवळात, पुजारी आणि लॉजचा मालक साक्षीला. पिंपाचं विचारलं की मात्र मुका. एकच उत्तर, "तिला विचारा. ती सांगंल तेवढंच खरं." जो माणूस स्वतःच्या बचावाचंही बोलत नाही, तो एकतर फार बनेल असतो किंवा त्यानं कुणालातरी शब्द दिलेला असतो. साहेबांना तो बनेल वाटला. मलाही. डॉक्टरला बोलावणं गेलं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावायचं इथपर्यंत बोलणं पोचलं.

एवढ्यात भाऊ आले. थोरला दारातूनच त्याच्या अंगावर धावला. हवालदारानं कमरेला मिठी मारून अडवला नसता तर एखादा गुन्हा ठाण्यातच घडला असता.

आवाज ऐकून आतल्या खोलीतून ती ओरडली, सगळ्यांना आत घ्या म्हणून. "पोरं, साहेब, ते, सगळी. मी एकदाच सांगनार हाय."

असं करायचं नसतं. जबाब एकेकाचा घ्यायचा असतो. पण साहेबांनी क्षणभर विचार केला आणि सगळ्यांना आत घेतलं. हा त्यांचा निर्णय बरोबर ठरला.

ती उभी राहिली. पदर खोचला.

"आमी हनिमूनला चाललोय. अंदमानला."

पहिला हवालदार हसला. मग दारातला शिपाई. मीही हसले, खोटं कशाला सांगू. तिनं सगळ्यांचं हसू संपेपर्यंत वाट बघितली.

"हसा. इतकी वर्सं दुसऱ्यांच्या हनिमूनच्या गाद्यांवर फुलं मीच पसरली. सकाळी ती फुलं मीच झाडली. त्या पोरींना चहा द्यायला गेलं की सांगायच्या, मावशी, आमी हितं गेलो, तितं गेलो. एक म्हनली, बेटावर गेलो हुतो, समुद्रात तोंड घातलं की खालचं सगळं दिसतं. मासं, दगडांची फुलं. तवाच ठरवलं. मला बघायचं हाय."

ते जोडपं जाताना ती नळी आणि पोहायचा मोठा चष्मा खोलीत विसरून गेलं होतं. मालकानं तिला ठेवून घ्यायला सांगितलं. चष्मा तोंडाला घट्ट बसतो, त्याचा वळ उठतो. नळी तोंडात धरायची, तिचं टोक पाण्यावर ठेवायचं, श्वास घेत राहायचं. ती महिनाभर लॉजच्या बादलीत शिकत होती. बादलीत तोंड मावेना, म्हणून कॅसलरॉकला पिंप.

साहेबांनी विचारलं, मग हा मानेवर हात का ठेवत होता? बाकीच्या सगळ्या गोष्टी जमत होत्या, पण ते कुठं बसत नव्हतं.



"माझं माहेर सुप्याच्या धरणात गेलं, साहेब. मी ल्हान हुते. आमाला उठवून रामनगरला आनलं. पुढच्या पावसाळ्यानंतर बा मला बघायला घेऊन गेला, तर नुसतं पानी. देवळाचा कळस तेवढा वर. तवापास्नं मी गुडघ्याच्या वर पान्यात गेले न्हाई. डोकं घातलं की वर पळते. म्हनून मीच त्यांना म्हनलं, मानेवर हात ठेव, मी वर आले तर परत दाब. म्हातारी व्हायची ती होईन, पन ही भीती घेऊन व्हायची न्हाई."

थोरला पेटला. त्यानं जे तक्रारीत सांगितलं नव्हतं ते आता तोंडातून बाहेर पडलं.

"लग्नाला आमी कुठं न्हाई म्हनलो, आये? म्हनलो हुतो का? पाट लाव म्हनलो. रीतीनं लाव म्हनलो. हे हनिमून कशाला? लोक तोंडात शेण घालतील."

हे बाहेरच्यांना समजावून सांगते. आमच्याकडं विधवेच्या दुसऱ्या लग्नाला पाट म्हणतात. पाट लागतो, त्याला बंदी नाही. पण जुन्या रीतीनं तो अंधारात लावायचा. सवाष्णींनी त्या रात्री तिचं तोंड बघायचं नाही. वाजंत्री नाही, मांडव नाही. उजाडायच्या आत घरात शिरायचं आणि सकाळी जसं काही झालंच नाही तसं चुलीपुढं बसायचं. मुलांना आईचं लग्न चाललं असतं. आईचा आनंद दिसलेला चालत नव्हता.

साहेबांना पाट म्हणजे काय ते माहीत होतं. त्यांच्याकडंही असतो, दुसऱ्या नावानं. त्यांनी थोरल्याला विचारलं, म्हणजे लग्न तुम्हाला ठाऊक होतं? मग बेपत्ता म्हणून तक्रार कशी दिली? थोरला खाली बघू लागला. धाकट्यानं तोंड उघडलं, पहिल्यांदाच. म्हणाला, आईनं जाताना सांगितलं होतं, दहा दिवसांनी येते म्हणून.

तक्रार तिथंच फाटली. पण साहेब कागदावर विश्वास ठेवणारे होते, तोंडावर नाही. मानेवरचा हात त्यांना अजून टोचत होता. हे तिच्या लक्षात आलं. तिनं हवालदाराला पिशवी मागितली आणि सरळ ठाण्याच्या मागच्या अंगणात गेली. तिथं जप्तीच्या गाड्या धुवायला आमचं पिंप होतं. निळंच. तिनं चष्मा चढवला, नळी तोंडात धरली, आणि नवऱ्याला नुसतं बघून "न्हाई" अशी मान हलवली. या वेळी हात नको होता.

डोकं आत गेलं. नळीचं टोक वर. त्यातून श्वासाचा आवाज येत होता, घोरल्यासारखा. शेजारणीला घुसमट वाटली ती हीच. तिचा पाय मागं सरकला. मला वाटलं, आता येते वर. आली नाही. पाय परत जागेवर आला. साहेब, मी, हवालदार, शिपाई, तिचा नवरा, तक्रार घेऊन आलेली तिची दोन पोरं, सगळे त्या नळीकडं बघत उभे. मग नळीतून पाण्याचा एक फवारा उडाला आणि आवाज थांबला.

थोरला धावला. तिला खांद्याला धरून वर ओढली.

"आये!"

तिनं चष्मा काढला, खोकली, आणि त्याच्या थोबाडीत दिली. जोरात नाही.

"काढलंस कशाला? नळीत पानी शिरलं की फुंकून काढायचं असतं. तेवढंच शिकायचं ऱ्हायलं हुतं, ते आज जमत हुतं."

थोरला ओल्या हातांनी तसाच उभा राहिला. साहेब आत गेले. जबाबात लिहिलं, बाई सज्ञान आहे, स्वखुशीनं गेली, नवऱ्याविरुद्ध तक्रार नाही. तिला विचारलं, अंगठा की सही? म्हणाली सही, आणि सावकाश केली. मुलांना समज दिली, प्रवासात अडथळा आणाल तर माझ्याशी गाठ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला कॅसलरॉकच्या फलाटावर उभं केलं. थोरल्याचा भरवसा नव्हता. ती आली ती हिरव्या बांगड्या घालून, हातभर, आणि त्या दिसाव्यात म्हणून पदर मागं सारून. रेल्वे कॉलनीतल्या बायका बघायला आल्या होत्या. काही पाठ फिरवून उभ्या होत्या. ती प्रत्येकीच्या समोरून गेली, पाठ फिरवलेल्यांच्याही. शेजारीण, जिनं फोन केला होता, ती पुढं आली आणि म्हणाली, माफ करा अक्का, मला वाटलं मारतोय. तिनं सांगितलं, "बरं केलंस. खरंच मारत असता तर? परत दिसलं कुठं तर असाच फोन कर."

गाडी सुटायच्या आधी थोरला आला. मी काठी घट्ट धरली. तो खिडकीपाशी गेला, बापाकडं, म्हणजे त्या माणसाकडं, बघितलंही नाही. आईला म्हणाला, "फोन चार्ज करून ठेव."

"पान्याखाली रेंज नसती," ती म्हणाली.

तो हसला नाही. पण गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथून हललाही नाही.

ती परत आली तेव्हा ठाण्यात पेढे घेऊन आली, आणि भर बाजारातून आली. मी विचारलं, काय दिसलं खाली? म्हणाली, मासे, दगडांची फुलं, आणि त्यांच्या खाली माती. आपल्या सुप्याच्या पाण्याखालीही अशीच माती असणार.

या केसनं मला काय शिकवलं, तर खबर देणारी शेजारीण चुकीची नव्हती आणि धावत गेलेले पोलीसही चुकीचे नव्हते. पुन्हा तसा फोन आला तर मी पुन्हा जीपमध्ये बसेन. पण त्यानंतर आई, बहीण किंवा बायको बेपत्ता झाल्याची तक्रार घेऊन कोणी आलं की मी हवालदाराच्या आधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घेतली: जाताना ती काय सांगून गेली? साहेब मला त्यासाठी कधी रागावले नाहीत. पुष्कळ जणांची मान तिथंच खाली गेली.

आणि अंधारात पाट लावायची रीत ज्यांना अजून पाळायची असेल त्यांनी खुशाल पाळावी. माझ्या मुलीनं नवरा गेल्यावर दुसरं लग्न केलं ते दुपारी बारा वाजता केलं. मांडवात मी पुढच्या खुर्चीवर बसले होते, आणि वाजंत्री मीच लावली होती.