घरगाड्यांचा बलुतेदार

रस्त्याच्या दुष्काळी कामावर मी खडी फोडत होते. वरच्या वळणाकडून एक बाई धावत आली आणि म्हणाली, "आक्का, तुमचं भावजी गाडीखाली गावलं." मला वाटलं, पाय मोडला असेल. हातातला हातोडा खाली न ठेवताच निघाले. वर पोचले तर गणपतभावजींच्या अंगावर कुणीतरी लुगडं टाकलेलं... सकाळीच त्यांनी माझ्याकडून तंबाखू मागून घेतली होती. ती पुडी खिशातून अर्धी बाहेर आली होती. मी तीच बघत बसले. महिना उलटून गेला, पण त्या दिवसाचं दुसरं काही मला नीट आठवत नाही.

गणपत माझा धाकटा दीर. पुणे-नगर रस्त्याला सुप्याच्या पुढे चढ लागतो, त्याला लागूनच आमचं शेत. जत्रांच्या हंगामात या रस्त्यानं खेळवाल्यांच्या जुन्या मोटारी जायच्या. मागं फळ्या ठोकून घर केलेलं. आत चूल, अंथरुणं, पोरं, एखादी कोंबडीसुद्धा. आम्ही त्यांना घरगाड्या म्हणायचो. इंजिनं इतकी जुनी, की चढ दिसला की बंद पडायची. दुसऱ्या कुणाची मोटार अडली तर माणूस घरी तरी जातो. यांचं घरच रस्त्यात अडकून पडायचं. मग भावजी बैलजोडी आणि साखळी घेऊन जायचे आणि गाडी माथ्यावर नेऊन सोडायचे. याचं त्यांनी बलुतंच लावलं होतं. गावात सुताराला, लोहाराला खळ्यावर धान्य घालतात, तसं प्रत्येक घरगाडीनं हंगाम सरला की आमच्या दारात पायलीभर ज्वारी घालायची. मग वर्षात कधीही गाडी अडो, भावजी जाणार. जादूचे खेळ करणारा शंकर दरसाल कुरकुरायचा. "गणपतराव, यंदा गाडी एकदाबी बंद पडली न्हाई. मग बलुतं कशापायी?"

"न पडल्याचंच घेतोय, शंकरराव."

आतून त्याची बायको ओरडायची, "द्या हो गपचिप! तुमची जादू चढावर चालत न्हाई."

मला हे सगळं खूळ वाटायचं. पेरणीच्या दिवसांत ते हातातली पाभर सोडून निघाले की मी बोलायचेच, "भावजी, वावर आपलं हाय का त्या जादूवाल्याचं?" ते साखळी खांद्यावर टाकत म्हणायचे, "वयनी, त्यांची ज्वारी आपुन खाल्ली का न्हाई?" खाल्लेली असायची.

वळणावर त्यांनी एक मोठा काळा दगड ठेवला होता. बैल दमले की तो मागच्या चाकाला लावायचा आणि काम झालं की परत त्याच जागी आणून ठेवायचा. इतकी वर्षं ठेवला, की त्यांना तो बघावाही लागत नसे. वळून हात घातला की दगड हाताला लागायचा.

यंदा चारा संपला आणि बैल छावणीत गेले. मी म्हटलं, "सुटलात. बलुतं मोडलं." ते म्हणाले, "बलुतं माझं हाय, बैलांचं न्हाई." गड्यांनी नंतर सांगितलं, त्या दिवशी शंकरची गाडी वळणावर बंद पडली, आत त्याची बायको-पोरं. भावजींनी कामावरचे गडी बोलावले आणि सगळे मागून रेटू लागले. अर्ध्या चढावर गड्यांचा दम गेला. अर्धपोटी माणसं ती, किती रेटणार? भावजी ओरडले, "धरून ऱ्हावा, दगड लावतो!" ते वळले, नेहमीच्या जागी हात घातला... दगड नव्हता. खडीचं माप भरायला कुणीतरी तो फोडला होता. दुसरा घ्यावा तर त्या पट्ट्यात मोठा दगडच उरला नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून तो साफ केला होता. गड्यांचे हात सुटले, गाडी मागं आली. भावजी मागंच होते. गाडी तशीच आणखी मागं जाऊन नालीत रुतली. पोरांना खरचटलंसुद्धा नाही.

दगड कुणी फोडला, ते मी विचारून पाहिलं. कामावर दगड दिसला की त्याची खडी करायची, एवढंच सगळ्यांना ठाऊक. तो आता या रस्त्यातच कुठंतरी अंथरला गेला असेल. पण हात घातला आणि दगड नव्हता, एवढ्यावर माणूस जातो? मला हे अजून खरं वाटत नाही.

मागच्या आठवड्यात शंकर दारात आला. गमज्यात थोडी ज्वारी बांधलेली. माझी जाऊ सोना, भावजींची बायको, घरातून बाहेर आलीच नाही. मी म्हटलं, "आता कशाला?" तो खाली बघत म्हणाला, "आक्का, आमाला ह्योच रस्ता हाय." मी ज्वारी घेतली. घेतली म्हणजे काम अंगावर आलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि सोनानं ओढ्यातून एक दगड लोटत आणला आणि वळणावर ठेवला. कामावरची एक बाई शेंदूर घेऊन आली. म्हणाली, "लावते आक्का, म्हंजी कुनी फोडनार न्हाई."

मी म्हटलं, "आन् मग चाकाखाली कोन घालील?"

ती गेली. गोठ्यात खुंटीला भावजींची वंगणाची नळी अजून आहे. बैलगाडीच्या आसाला ते त्यातूनच वंगण द्यायचे. सोना ती घेऊन आली. दगडाला आम्ही चारी बाजूंनी वंगण फासलं. हात बरबटतात म्हणून खडीला तो कुणी घेत नाही. ज्याची गाडी मागं येत असेल, तो हात बघत बसणार नाही.